मागचं चाक हललं की हात गार पडतात, सुपरमोटो करून फरक पडेल का?

पत्र असं आहे (लांब होतं, कामाचं तेवढं ठेवलंय):

"दादा, मी पिंपरीला राहते, वय २६, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दोन सीझन झाले, मुलींच्या वन-मेक क्लासमध्ये २०० सीसीवर रेस करते, कोइम्बतूर आणि चेन्नईला. स्ट्रेटवर मला कुणी खात नाही पण ब्रेकिंगला सगळ्या जणी पुढे जातात. खालचे गिअर टाकताना मागचं चाक जरा डोललं की मी ब्रेक सोडून देते आणि लाइन जाते. कॉर्नरमधून बाहेर पडताना मागून सरकल्यासारखं वाटलं की थ्रॉटल खाडकन बंद. टीममधले म्हणतात सुपरमोटो कर, भीती जाईल. पण ते पाय काढून बाइक आडवी करत येणं बघूनच मला धडकी भरते. गाडी घ्यावी का? आणि ते शिकून रेस बाइकवर उलट्या सवयी नाही ना लागणार? आईचं म्हणणं, एक खूळ कमी होतं का. — डोलणारं चाक"

अगं डोलणारं चाक, नाव झकास घेतलंस.

तर कर. सुपरमोटो, म्हणजे डर्ट बाइकला रस्त्याची चाकं टाकून छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पळवायची, ते नक्की कर, पण टीमवाले सांगतायत त्या कारणासाठी नको. गाडी आडवी घालून येणं रीलमध्ये भारी दिसतं म्हणून सगळ्यांना तेच सुपरमोटो वाटतं, आणि तुला सध्या त्याची काडीची गरज नाहीये. तुला फक्त एवढंच पाहिजे की मागचं चाक हललं तर ती तुझ्यासाठी बातमी राहू नये. आत्ता ती ब्रेकिंग न्यूज आहे, अगदी शब्दशः.

आता हे का झालंय ते बघ. वन-मेकमध्ये सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी, तीही कंपनीची, तिथे गेल्यावर मिळेल ती, प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, दोन रेस, आणि झालं, परत पुणे. मधले दीड-दोन महिने तू रेस बाइकला हातही लावत नाहीस. मग मागचं चाक खरंच सुटलंय असे प्रसंग दोन सीझनमध्ये किती आले असतील, वीस? पंचवीस? आणि तेही शंभरच्या वर स्पीड असताना, शेजारी कुणीतरी घुसत असताना. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर कुणीच शांत राहणार नाही, मी पण राहिलो नव्हतो. तू भित्री नाहीस गं, तुझी प्रॅक्टिसच झालेली नाही.

कार्टिंग ट्रॅकवर काय होतं ते सांगतो. समज ८०० मीटरचा ट्रॅक आहे, १२ कॉर्नर, एक लॅप साधारण मिनिटभराची. दहा मिनिटांच्या सेशनमध्ये १२० कॉर्नर झाले. दिवसाला सहा सेशन धरली तर सातशेच्या वर. त्यातल्या दर दहाव्या कॉर्नरला जरी मागचं टायर थोडंसं सरकलं तरी एका शनिवारात सत्तर वेळा, म्हणजे तुझ्या दोन सीझनच्या तिप्पट, आणि ते सगळं चाळीस-पन्नासच्या स्पीडला, जिथे पडलीस तरी बहुतेक वेळा उठून कपडे झटकून परत चालू. सुपरमोटोची खरी कमाई ही आहे, पण याचं रील कुणी बनवत नाही.

थोडं मागचं सांगतो, नको असेल तर पुढे जा. १९७९ साली अमेरिकेत कार्ल्सबॅडला एका टीव्ही चॅनेलसाठी एक शो-रेस भरवली होती, सुपरबायकर्स नावाची. मातीत उड्या मारणारा मोटोक्रॉसवाला भारी, की रोड रेसिंगवाला, की मातीच्या ओव्हलवर पळणारा फ्लॅट ट्रॅकवाला, हा वाद मिटवायला थोडा डांबरी थोडा मातीचा ट्रॅक केला आणि सगळ्यांना एकत्र सोडलं. तिथून हा प्रकार युरोपात गेला, फ्रान्समध्ये चांगलाच रुजला, आणि २००२ पासून त्याची एफआयएमची (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे. हे सांगायचं कारण असं की रोड रेसरने घसरणाऱ्या गाडीवर शिकायचं ही आयडिया त्याहूनही जुनी. केनी रॉबर्ट्स १९७८ ला ५०० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, तो पहिला अमेरिकन, आणि तो मातीतून आलेला. मागचं चाक सरकवत गाडी वळवायची हे त्याला अंगवळणी होतं. आज मोटोजीपीवाल्या व्हॅलेंटिनो रॉसीच्या इटलीतल्या तवुलियाच्या रँचवर पोरं मातीत गोल गोल फिरतात ते पण त्याचसाठी.

बरं, आता तुझं चाक डोलतं का. तू जोरात पुढचा ब्रेक लावतेस, वजन सगळं पुढे जातं, मागचं चाक जवळजवळ अधांतरी. त्याच वेळी तू पटापट खालचे गिअर टाकतेस आणि क्लच एकदम सोडतेस, सिंगल सिलिंडर इंजिन आहे, ते मागच्या चाकाला धरून ओढतं, चाक रस्त्यापेक्षा हळू फिरायला लागतं आणि डोलतं. बस, एवढंच आहे ते. हा झटका कमी करणारा स्लिपर क्लच असला तरी तो काही जादू करत नाही, झटका थोडा खातो एवढंच. गाडी सरळ असेल, हात सैल असतील आणि नजर पुढे असेल तर नव्वद टक्के वेळा ती डोलून आपोआप जागेवर येते. घोळ तू घालतेस, म्हणजे तू हँडल आवळतेस, ते डोलणं हातातून पुढच्या चाकात उतरतं, मग तू घाबरून ब्रेक सोडतेस, पुढचा फोर्क उसळतो, गाडी वळायला तयार नसते, आणि लाइन गेली. एक्झिटचं याहून वाईट. टायर थोडं सरकतंय आणि तू थ्रॉटल खाडकन बंद केलास की त्याला एकदम ग्रिप मिळते, गाडी झटक्यात सरळ व्हायला बघते आणि तुला वर फेकते, हायसाइड म्हणतात तो हाच. म्हणजे भीतीने तू जे करतेस तेच जास्त धोक्याचं आहे. हे तुला वाचून पटेल पण हाताला पटणार नाही, हाताला ते सत्तर वेळा करूनच पटतं.

माझा पहिला दिवस सांगतो. मित्राची २०० सीसीची डर्ट बाइक, १७ इंची चाकं टाकलेली, मी तेव्हा पाच वर्षं रेस करत होतो त्यामुळे थोडा माज होताच. पहिल्याच सेशनमध्ये एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने मला तीन वेळा लॅप केलं. तीन वेळा. मी त्याच्या मागे लागून बघितलं तर तो गाडीला सरळ ठेवत नव्हता, गाडीला खाली ढकलत होता आणि स्वतः तिच्यावर सरळ बसलेला, बाहेरचं कोपर वर, टाकीला चिकटून अगदी पुढे. मी मात्र रेस बाइकसारखा आत लटकत होतो, त्या उंच गाडीवर ते माकडासारखं दिसत असणार. दुपारनंतर एक डावा हेअरपिन होता, तिथे मागचा ब्रेक जरा जास्त लागला, टायरने चिर्रर्र आवाज केला, गाडी वीतभर बाहेर गेली, मी काहीच केलं नाही कारण काही करायला वेळच नव्हता, आणि ती स्वतःच आत आली. मी हेल्मेटमध्ये एकटाच हसलो. पुढच्या लॅपला मुद्दाम तसंच केलं. आणि अर्थातच पडलो, पण ते वेगळं.

मग कुठून सुरुवात करायची. शाळेत सायकलवर उतारावरून यायचं, मातीत मागचा ब्रेक दाबायचा आणि अर्धा गोल मारून धुरळा उडवायचा, हे केलंय की नाही? केलंच असणार. सुरुवात तिथूनच. मोकळी सिमेंटची किंवा डांबरी जागा, गाडी सरळ, स्पीड तीस-पस्तीस, फक्त मागचा ब्रेक, चाक लॉक होईपर्यंत. क्लच धरलेला ठेव म्हणजे इंजिन बंद पडणार नाही. नजर लांब समोरच्या झाडावर. चाक लॉक होईल, थोडं इकडेतिकडे जाईल, तू ब्रेक हळूहळू सोड, झटक्यात नाही. हे वीस वेळा. अगदी बालवाडी वाटेल पण कर. नंतर तेच क्लच न धरता, तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर टाकून, क्लच बोटाने हळू सोडत. एकदा हळू सोड, एकदा मुद्दाम जरा पटकन, आणि दोन्हीत चाक काय बोलतं ते ऐक. तुझा चेन्नईचा प्रॉब्लेम इथे, या रिकाम्या पार्किंगमध्ये सुटणार आहे, खोटं वाटेल.

ट्रॅकवर गेल्यावर पहिलं सेशन एकाच गिअरमध्ये आणि ब्रेक न लावता. चिडचिड होईल, लोक पुढे जातील, जाऊ दे. ब्रेक नाही म्हटल्यावर स्पीड कुठे कमी करायचा, थ्रॉटल किती लवकर आणि किती हळुवार उघडायचा याचाच विचार करावा लागतो, आणि तुझ्या त्या खाडकन बंद होणाऱ्या मनगटाला तेच औषध आहे. मागून सरकलं की थ्रॉटल आहे तिथे धर, फार तर केसभर कमी कर. बंद नाही. मी तर टेपवर 'धर' लिहून टाकीवर चिकटवलं होतं, हसू नकोस, काम झालं.

आडवी गाडी घालत कॉर्नरमध्ये येणं, म्हणजे ज्याला बॅकिंग इन म्हणतात, ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बघू, आणि नाही जमलं तरी तुझ्या रेसिंगचं काही अडणार नाही. त्यात सुद्धा आधी पुढचा ब्रेक चोख लागतो, मगच मागचं चाक हलकं होतं आणि गिअर-क्लच-मागच्या ब्रेकने ते बाहेर काढता येतं. लोक उलटं करतात, नुसता मागचा ब्रेक तुडवतात, गाडी आडवी होते, फोटो येतो, पण स्पीड कमी होतच नाही आणि भाऊ सरळ टायरच्या भिंतीत.

आता उलट्या सवयींचं. प्रश्न बरोबर विचारलास, कारण हा गोंधळ होतोच. सुपरमोटोवर तू गाडी खाली ढकलतेस आणि स्वतः सरळ राहतेस, रेस बाइकवर तू स्वतः आत उतरतेस आणि गाडी जमेल तेवढी उभी ठेवतेस. बरोबर उलटं. पाय काढण्याचंही तसंच, रॉसीमुळे सगळे ब्रेकिंगला पाय हवेत सोडायला लागले पण तो पाय जमिनीला टेकवायला नसतो आणि त्याचा सुपरमोटोच्या पायाशी काही संबंध नाही. माझं मत विचारशील तर पहिले चार-पाच दिवस तू पाय काढूच नकोस. दोन्ही पाय पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर), फास्ट कॉर्नरला हवं तर रेस बाइकसारखा गुडघा काढ. बसण्याची पद्धत रेस बाइकवर न्यायचीच नाहीये. न्यायचं ते बोटात आणि डोळ्यात असतं: ब्रेक हळूहळू सोडत आत येणं, क्लच सोडण्याचा हात, थ्रॉटल, आणि घसरताना नजर बाहेरच्या पॉइंटवर ठेवणं. हे शरीराच्या पोझिशनवर अवलंबून नसतं. आणि रेसच्या आधीच्या आठवड्यात सुपरमोटो करायचं नाही. एकदा मी केलं होतं, शनिवारी हेअरपिनवर डावा पाय, सोमवारी निघालो, शुक्रवारी चेन्नईला प्रॅक्टिसमध्ये सी-वनला, म्हणजे पहिल्या कॉर्नरला, इतक्या स्पीडला पाय आपोआप पेगवरून उचलला गेला. अंगावर काटा आला होता.

भीती घालत नाही पण हे सांगितलंच पाहिजे. स्पीड कमी म्हणजे धोका नाही असं समजू नकोस. मॅक्स बियाजी, सहा वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, २०१७ च्या जूनमध्ये इटलीत लातिनाच्या छोट्या ट्रॅकवर सुपरमोटो चालवताना पडला, बऱ्याच बरगड्या मोडल्या, रोमच्या हॉस्पिटलात आयसीयूत होता. मोटोजीपी रेसर निकी हेडन २००८ ला एक्स गेम्समध्ये सुपरमोटो चालवायला गेला, टाच दुखावून आला आणि मोटोजीपीच्या रेस हुकल्या. कार्टिंग ट्रॅकवर भिंती जवळ असतात, रनऑफ (बाहेर गेलीस तर थांबायला मोकळी जागा) नसतो, आणि पाय बाहेर असला की गुडघा-घोटा पहिला जातो. म्हणून लेदर सूट तुझा आहे तो, त्याच्या आत छातीचं आणि पाठीचं प्रोटेक्टर, आणि बूट मोटोक्रॉसचे, रेस बूट नाही. एकटीने कधीच जायचं नाही, चारचाकी घेऊन आलेलं कुणीतरी सोबत पाहिजे.

गाडी? आत्ता घेऊ नकोस. खऱ्या रेसच्या ४५० सीसी सुपरमोटोचं वजन ११० किलोच्या आसपास असतं, त्या आपल्याकडे मिळवणं, पार्ट आणणं, प्रत्येक काही तासांनी इंजिन उघडणं, ते तुझ्या पगाराचं काम नाही आणि तुला त्याची गरजही नाही. कुणाची तरी हिरोची एक्सपल्स २०० मिळते का बघ, पुण्यात ढिगाने आहेत. मूळ २१ आणि १८ इंची चाकं काढून १७ इंची बसवली आणि रस्त्याचे चांगले सॉफ्ट टायर टाकले की झालं. दीडशेच्या वर वजन आहे, ताकद बेताची, पण तुला ताकद नकोच आहे. फक्त चाकं बसवणाऱ्याकडे नीट लक्ष दे. माझ्या एका गाडीला एका गॅरेजवाल्याने (नाव राहू दे) मागच्या चाकाचा स्पेसर अंदाजे कापून टाकला होता, "बसतंय ना साहेब" म्हणाला, तिसऱ्या सेशनला बेअरिंगचा भुगा. तू क्वालिटीत आहेस, व्हर्निअर घेऊन उभी राहा. आणि अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही, आरसीतल्या गाडीत असे बदल चालत नाहीत, पिकअपमध्ये टाकून न्यायची.

जागेचं बघावं लागतं. प्रत्येक कार्टिंग ट्रॅक बाइक घेत नाही, कारण गाडी पडली की पेग आणि हँडलची टोकं डांबर उकरतात. म्हणून पेगला, एक्सलला आणि हँडलच्या टोकांना प्लास्टिकचे स्लायडर लावून, ऑइल कुठेही गळत नाही हे दाखवून मग विचार, बरेचदा हो म्हणतात, विशेषतः वीकडेला सकाळी. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे तिथेही फोन करून बघ, त्यांना रेसिंग कळतं. चार-पाच जण मिळून अर्धा दिवस बुक केला तर माणशी खर्च बराच खाली येतो, आणि कोइम्बतूरचे हजार-बाराशे किलोमीटर जाणं, राहणं, सुट्टी हे सगळं धरलंस तर त्या एका फेरीत असे कितीतरी शनिवार बसतात. डांबराची जागा मिळालीच नाही तर मातीत कर. पुण्याच्या आजूबाजूला मोटोक्रॉस शिकवणारे आहेत, या शहराला मातीच्या रेसिंगचा नाद जुनाच आहे, २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची पहिली राउंड बालेवाडीला झाली तेव्हा केवढी गर्दी होती. मातीत घसरणं अजून हळू आणि अजून स्वस्त. ब्रेकिंगचा अंदाज मात्र डांबरावरच येतो, म्हणून जमल्यास दोन्ही.

तीन शनिवार उधारीच्या गाडीवर कर. मग पुढच्या राउंडला फक्त एक बघ, मागचं चाक डोललं तेव्हा तू ब्रेक सोडलास का. लॅप टाइम बघू नकोस, तो नंतर येतो. तीन शनिवारानंतरही हात गारच पडत असतील तर मला परत लिही, तेव्हा दुसरं काहीतरी बघावं लागेल, कदाचित सस्पेन्शन, कदाचित मागचं कुठलं तरी पडणं डोक्यात बसलंय.

आईला एकदा ट्रॅकवर घेऊन ये. घरी बसून माणूस मोटोजीपीचे क्रॅश डोळ्यासमोर आणतो, इथे पोरं चाळीसच्या स्पीडने गोल गोल फिरतायत आणि मध्ये बसून भेळ खातायत हे बघितलं की निम्मी चिंता जाते. हातात स्टॉपवॉच दे, माझी आई तर नंतर मलाच ओरडायची, तिसऱ्या लॅपला आळस केलास म्हणून.

आणि पाय काढायला लागशील तेव्हाची एक गोष्ट राहिली, बुटाचा तळ. माझ्या डाव्या बुटाचा तळ दोन महिन्यांत घासून पार पातळ झाला, मी शहाणपणा करून कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्या काकांकडून ट्रकच्या टायरचा तुकडा शिवून घेतला, म्हटलं आता वर्षभर बघायला नको. पुढच्याच शनिवारी हेअरपिनला पाय टेकला तो रबरामुळे डांबराला असा चिकटला की गाडी पुढे आणि पाय मागे, गुडघ्याला तीन आठवडे पट्टा. तिथे रबर नाही, घसरणारं प्लास्टिक पाहिजे. तयार स्लायडर मिळतात पण महाग, त्यापेक्षा भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड असतो ना, तो तळाच्या मापाने कापायचा आणि स्क्रूने बसवायचा, स्क्रूची डोकी आत गेलेली पाहिजेत. मस्त चालतो. फक्त बोर्ड नवा विकत आण, घरातला उचललास तर आईला ट्रॅकवर आणून काही उपयोग होणार नाही.